माजघरात कोणती लेन्स लावावी?

वाचकाचे पत्र: मी चिपळूणजवळच्या एका गावात शिक्षक आहे. वडिलांच्या पश्चात घराची वाटणी करायला एकत्र आलेल्या दोन भावांवर मी वीस मिनिटांचा लघुपट लिहिला आहे. चित्रीकरण आमच्याच जुन्या चिरेबंदी, कौलारू घरात, श्रावणात, आठ दिवसांत उरकायचे आहे. माझ्याकडे सोनीचा झेडव्ही-ई10 कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली 16-50 मिमीची झूम लेन्स आहे. साठवलेले सव्वा लाख रुपये आहेत. मित्र म्हणतात, हा कॅमेरा विकून टाक आणि फुल फ्रेम बॉडी व एफ 1.4ची लेन्स घे, त्याशिवाय चित्र सिनेमासारखे दिसणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे मुंबईहून सिनेमा कॅमेरा भाड्याने आणणे. आमचे माजघर जेमतेम दहा बाय बारा फूट आहे आणि तिथे भर दुपारीही अंधार असतो. मी काय करावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता दिली आहे. माजघर दहा बाय बारा फूट आहे आणि तिथे अंधार असतो, या दोन गोष्टींवरून कोणती लेन्स लागेल, किती प्रकाश लागेल आणि पैसे कुठे घालावेत हे जवळजवळ पूर्ण ठरते. कॅमेरा कोणता, हा प्रश्न त्यानंतरचा आहे आणि त्याचे माझे उत्तर स्पष्ट आहे: आहे तोच कॅमेरा ठेवा. तो विकू नका आणि या चित्रपटापुरता दुसरा भाड्यानेही आणू नका.

आधी जागेचे गणित पाहू. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे 23.5 मिमी रुंद आहे. माणूस कॅमेऱ्यापासून जितक्या अंतरावर असेल त्या अंतराला 23.5ने गुणून लेन्सच्या फोकल लेंग्थने (तिच्यावर लिहिलेल्या मिमीच्या आकड्याने) भागले, की त्या ठिकाणी चौकटीत किती रुंदी मावते ते कळते. बारा फूट म्हणजे साधारण 3.65 मीटर. त्यातून ट्रायपॉडचे पाय, कॅमेऱ्यामागे उभे राहणारे तुम्ही आणि समोरच्या भिंतीपासून थोडा पुढे बसलेला नट एवढे वजा केले, तर हातात फार तर अडीच मीटर उरतात. अडीच मीटरवर 50 मिमीच्या लेन्समध्ये जेमतेम 1.17 मीटर रुंदी मावते, म्हणजे डोके आणि छाती. 35 मिमीमध्ये 1.68 मीटर, म्हणजे कंबरेपर्यंतचा माणूस. 18 मिमीमध्ये सव्वातीन मीटर रुंदी आणि 1.8 मीटरहून थोडी अधिक उंची, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायांपर्यंत आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे माजघर. फुल फ्रेम, म्हणजे याहून मोठ्या सेन्सरचा, कॅमेरा आणल्याने खोली मोठी होत नाही. तिथे हीच चौकट मिळवायला तुम्हाला 27, 52 आणि 75 मिमीच्या लेन्स लावाव्या लागतील आणि कॅमेरा त्याच भिंतीला टेकलेला राहील.

मग फुल फ्रेम आणि एफ 1.4चा आग्रह कशासाठी, तर मागचे सगळे धूसर व्हावे म्हणून. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्सची उघडीप, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र, मोठी. हेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. तुमच्या आजच्या कॅमेऱ्यावर 50 मिमीची लेन्स एफ 1.8 ला उघडून दीड मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा सुमारे साडेसहा सेंटीमीटरचा असतो. फुल फ्रेमवर त्याच चौकटीसाठी 75 मिमीच्या आसपासची लेन्स एफ 1.4 ला उघडली, तर तो पट्टा साडेतीन सेंटीमीटरांवर येतो. डोळ्यांवर फोकस असेल तर कान धूसर होतील आणि नटाने बोलता बोलता श्वास सोडून पाठ मागे टेकली, की डोळेही गेले. तुमच्याकडे फोकस सांभाळायला वेगळा माणूस नाही आणि नट बहुधा हौशी रंगभूमीवरचे असतील. त्यांना खुणेवर खिळवून ठेवले तर अभिनय आखडतो. 50 मिमीलाच एफ 4 वर हाच पट्टा चौदा सेंटीमीटरांच्या पुढे जातो आणि त्यात माणसाला हलायला जागा मिळते.

याहून मोठी हरकत कथेची आहे. तुमचा चित्रपट घराच्या वाटणीचा आहे. ज्या भिंतींसाठी दोन भाऊ समोरासमोर बसले आहेत, त्या भिंतीच धूसर करून टाकल्या तर प्रेक्षकाला भांडण कशाचे आहे हे केवळ संवादांतून कळेल. देवळी, खुंटीवरची टोपी, दाराची चौकट हे सगळे दिसले पाहिजे. म्हणून बहुतेक शॉट एफ 4 ते एफ 5.6 वर घ्या आणि मोकळी एफ 1.8 फक्त जिथे खरोखर प्रकाश नाही तिथे वापरा.

आता लेन्स निवडण्याच्या खऱ्या कामाकडे येतो. लेन्स बदलली की चेहऱ्याचे नाक-डोळे बदलतात, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात दोन वस्तूंमधील आकाराचे प्रमाण कॅमेरा त्यांच्यापासून किती दूर आहे यावरच ठरते. लेन्स फक्त त्यातला किती भाग कापून घ्यायचा ते ठरवते. तुमच्या कथेत याचा थेट उपयोग आहे. समजा, थोरला भाऊ ओटीवर बसला आहे आणि धाकटा त्याच्यामागे 3.6 मीटरवर माजघराच्या दारात उभा आहे. 18 मिमीची लेन्स लावून कॅमेरा थोरल्यापासून 1.2 मीटरवर ठेवला, तर धाकटा कॅमेऱ्यापासून 4.8 मीटरवर असतो आणि पडद्यावर थोरल्याच्या एक चतुर्थांश उंचीचा दिसतो. आता 50 मिमी लावा आणि थोरला चौकटीत तेवढाच राहील इतके मागे, म्हणजे सुमारे 3.3 मीटरवर, अंगणात या. धाकटा आता त्याच्या जवळजवळ निम्मा दिसेल. दोघे जागचे हललेले नाहीत, संवादही तोच आहे, पण पहिल्या चौकटीत त्यांच्यात आयुष्यभराचे अंतर आहे आणि दुसऱ्यात ते एकाच घरातले दोघे आहेत. वाटणीची बोलणी पुढे सरकत जातील तसे कोणत्या प्रसंगात कोणते अंतर हवे, हे पटकथेच्या समासात लिहून काढा. आठ दिवसांच्या चित्रीकरणात दिग्दर्शकाने आधी करून ठेवण्यासारखे याहून मोलाचे काम मला माहीत नाही.

त्यासाठी एखाद्या रविवारी घरात जा, हातात असलेली 16-50 लावा आणि प्रत्येक प्रसंगासाठी नटांच्या जागी दोन स्टुले ठेवून 18, 24, 35 आणि 50 या चारच आकड्यांवर फोटो काढा. कॅमेरा दर वेळी उचलून पुढे-मागे न्या. एकाच जागी उभे राहून झूम फिरवू नका. ओटी, माजघर आणि मागची पडवी यांची दारे एका रेषेत असतील, जशी कोकणातल्या बऱ्याच जुन्या घरांत असतात, तर अंगणातून 50 मिमीने तिन्ही दारांच्या चौकटी एकात एक बसवून पाहा. आठ मीटरवरून या लेन्समध्ये पावणेचार मीटर रुंदी मावते, म्हणजे दार आणि दोन्ही बाजूंची भिंत आरामात येते. ज्या माजघरात कॅमेरा शिरायला जागा नाही, त्याचे सर्वांत चांगले चित्र बहुतेक वेळा त्याच्या बाहेरूनच मिळते.

हा सराव झाल्यावर खरेदीकडे वळा. सोबत आलेली 16-50 वाईट नाही, पण ती झूम करत जाताना तिची कमाल उघडीप एफ 3.5 वरून एफ 5.6 पर्यंत घसरते आणि अंधाऱ्या माजघरात ती तुम्हाला पुरणार नाही. सव्वा लाखांतून एकच नवी लेन्स घ्यायची तर मी 35 मिमी एफ 1.8 घेईन. सोनीची या सेन्सरसाठीची 35 मिमी लेन्स स्वतः कंप स्थिर करते आणि तुमच्या कॅमेऱ्याच्या बॉडीत ती सोय नसल्याने हा फायदा लहान नाही. रुंद चौकटीसाठी सिग्माची 18-50 मिमी एफ 2.8 तेवढ्या आठ दिवसांपुरती भाड्याने आणा. ती वजनाला हलकी आहे आणि सगळ्या झूमवर एफ 2.8 कायम ठेवते.

50 मिमीसाठी मात्र जुन्या बाजारात जावे. निकॉनच्या फिल्म कॅमेऱ्यांच्या काळातील हाताने फोकस करायच्या 50 मिमी एफ 1.8 लेन्स पुण्या-मुंबईत अजून मिळतात. निकॉनच्या माऊंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यापासून, फिल्मचे अंतर 46.5 मिमी असे आणि सोनीच्या ई माऊंटपासून सेन्सर 18 मिमीवर आहे. मधले 28.5 मिमी भरून काढणारी काचविरहित धातूची नळी, म्हणजेच अॅडॅप्टर, एवढाच खर्च त्यावर येतो. या लेन्सची फोकसची रिंग जिथून निघते तिथेच परत येते, तिला दोन्ही टोकांना ठाम थांबा असतो आणि त्यामुळे तिच्यावर पांढरी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खुणा करता येतात. नट ‘अ’ खुणेवरून ‘ब’ खुणेवर आला की रिंगही ‘अ’ वरून ‘ब’ वर न्यायची, पडद्याकडे न पाहता. आजच्या बहुतेक ऑटोफोकस लेन्सची रिंग इलेक्ट्रॉनिक असते. ती किती वेगाने फिरवली यावर फोकस किती सरकेल ते ठरत असल्याने अशी खूण तिच्यावर टिकत नाही.

जुनी लेन्स घेताना तिची उघडीप पूर्ण मोकळी करा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून आतल्या काचांकडे तिरके पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातल्या हवेत ती वाढतच जाणार, तेव्हा कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स परत ठेवा. उघडिपीच्या पात्यांवर तेलाचे डाग असतील तर पाती चिकटतात. काचेच्या कडेला पांढुरके किंवा इंद्रधनुषी वलय असेल, तर दोन काचा जोडणारा चिकट थर सुटू लागला आहे. थोडी धूळ मात्र असू द्या, ती चित्रात दिसत नाही.

दिवसा अंगणात आणि ओटीवर तुम्हाला एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी करडी काच, लागेल, आणि तो लागतो कशासाठी हे समजून घ्या. हालचाल डोळ्याला स्वाभाविक दिसावी म्हणून सेकंदाला 25 चौकटी घेताना शटर 1/50 वर, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग उघडे, ठेवतात. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्याने दिव्यांचा प्रकाश सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो आणि 1/50 शटरमध्ये त्याची पूर्ण आवर्तने मावतात, म्हणून पडद्यावर पट्टे येत नाहीत. तेव्हा मेनूमध्ये पाल (सेकंदाला 25 चौकटींची पद्धत) निवडा, 25 आणि 1/50 पक्के करा आणि आठही दिवस त्याला हात लावू नका. एखाद्या महोत्सवाने 24 चौकटींची प्रत मागितली, तर संपूर्ण चित्रपट चार टक्के संथ करून देता येतो.

शटर असे बांधले गेले की उजेड कमी करायला उघडीप आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) एवढेच उरतात. भर उन्हात आयएसओ 100 वर 1/50 ला एफ 22 इतकी लहान उघडीप लागते. तिथून एफ 4 वर यायचे म्हणजे पाच स्टॉप प्रकाश अडवावा लागतो (दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो), आणि श्रावणातल्या ढगाळ हवेत सुमारे तीन. तीन स्टॉपचा 0.9 आणि सहा स्टॉपचा 1.8 असे दोन साधे फिल्टर पुरतील. ते मोठ्या मापाचे, 77 मिमीचे घ्या आणि लहान लेन्ससाठी स्टेप-अप रिंगा घ्या, म्हणजे प्रत्येक लेन्ससाठी वेगळा संच लागणार नाही. फिरवून कमी-जास्त करता येणारा फिल्टर सोयीचा असतो, पण तो दोन पोलरायझरांचा बनलेला असल्याने रुंद लेन्सवर शेवटच्या टोकाला चित्रावर काळी फुली उमटते. फिल्टर चढवल्यावर व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्या. यांच्याशिवाय एक साधा पोलरायझर जरूर जवळ ठेवा. पावसात भिजलेल्या पानांवरची आणि जांभ्या दगडावरची पांढरी चमक त्याने जाते आणि हिरवा व तांबडा रंग खराखुरा येतो. चेहऱ्यांवर मात्र तो जपून वापरा, कारण त्वचेचा ओलावाही तो पुसून टाकतो.

आता अंधार. 1956च्या ‘अपराजितो’साठी सेटवर बांधलेल्या बनारसच्या घराच्या अंगणात आकाशातून झिरपणारा मऊ उजेड हवा होता, म्हणून छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरे कापड ताणले आणि खालून दिवे त्यावर मारून तो प्रकाश परतवला. तुमच्या माजघराला हाच उपाय लागू पडतो आणि तो मांजरपाटाच्या काही मीटरांत होतो. छपराची दोन-तीन मंगलोरी कौले उतरवून त्या जागी काचेची कौले बसवा. ऊन पडले तर त्याचा कवडसा सरकत राहतो आणि एकाच प्रसंगाच्या शॉटमध्ये जमिनीवर वेगवेगळ्या ठिकाणी दिसतो, म्हणून कौलांखाली बटर पेपर लावा. खिडकीसमोरच्या भिंतीवर, चौकटीबाहेर, मांजरपाट ताणला की आलेला उजेड चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूला परत येतो. उलट, चेहऱ्याची एक बाजू काळोखातच हवी असेल तर तिथे काळे कापड लावा. चांगल्या चित्रासाठी प्रकाश वाढवण्याइतकेच तो अडवणेही आवश्यक असते. खिडकीबाहेरचे अंगण फारच पांढरे पडत असेल, तर खिडकीला बाहेरून काळी बारीक जाळी ताणा. दिवा एकच घ्या, पण रंग अचूक दाखवणारा, सीआरआय 95च्या वरचा एलईडी घ्या. घरगुती स्वस्त बल्ब चौकटीत दाखवायचे असतील तर आदल्या दिवशी लावून, चित्रित करून, लहरी येत नाहीत ना ते पाहा.

कॅमेऱ्यात एस-लॉग, म्हणजे नंतर रंग सुधारण्यासाठी फिके चित्र साठवण्याची पद्धत, निवडण्याचा मोह होईल. तुमचा कॅमेरा 8 बिटमध्ये, म्हणजे प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्यांत, चित्र साठवतो. लॉगमध्ये त्या पायऱ्या फार मोठ्या पल्ल्यावर पसरतात आणि नंतर रंग सुधारताना ढगाळ आकाशात व चुन्याच्या भिंतीवर पट्टे उमटतात, सावल्यांत दाणे येतात. त्याऐवजी पिक्चर प्रोफाइलमधील सिने 4 गॅमा घ्या, खिडकीतला उजेड पूर्ण पांढरा होऊ देऊ नका आणि चेहऱ्यापुरता प्रकाश मांजरपाटाने भरून काढा. 10 बिटचा कॅमेरा हवा अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे, पण प्रकाश जागेवरच नीट बांधला तर रंग सुधारणीत फारशी ओढाताण करावी लागत नाही आणि 8 बिट पुरतात.

या कॅमेऱ्याचा खरा दोष वेगळा आहे. 4के चित्रीकरणात त्याचा सेन्सर वरून खाली वाचला जायला बराच वेळ लागतो, त्यामुळे कॅमेरा झटकन वळवला की दारांच्या उभ्या चौकटी तिरक्या होतात. तुमच्या घरात उभ्या रेषाच जास्त आहेत. म्हणून पॅन अतिशय संथ करा. चौकटीच्या एका कडेची वस्तू दुसऱ्या कडेला पोहोचायला सात सेकंद लागावेत, हा जुना अंदाज उपयोगी पडतो. हातात धरून चित्रीकरण टाळा आणि गिंबलऐवजी (हातातला कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या यंत्राऐवजी) फ्लुइड हेडचा, म्हणजे न अडखळता संथ वळणाऱ्या डोक्याचा, चांगला, जड ट्रायपॉड घ्या. तुमच्या यादीतील पहिली खरेदी लेन्स नसून हा ट्रायपॉड असावा, असे माझे ठाम मत आहे, कारण कॅमेरे बदलत जातील पण तो वर्षानुवर्षे कामाला येईल.

ध्वनीबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी पैसे वाटताना एका रेकॉर्डरची आणि दोन कॉलर माइकची जागा ठेवा. श्रावणात कौलांवर सर आली की माजघरात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नाही, तेव्हा संवादांचे प्रसंग पाऊस थांबलेला असताना घ्या आणि सर आली की मूक शॉट उरका. पाऊस पडद्यावर दिसायला त्याच्या मागून प्रकाश लागतो, म्हणून कॅमेरा गडद पार्श्वभूमीकडे आणि किंचित उजेडाच्या दिशेने ठेवा. बॅटऱ्या लहान आहेत, किमान चार ठेवा. शिवाय हा कॅमेरा यूएसबीवरूनही चालतो, म्हणून वीज गेली तरी पॉवर बँकेवर काम निभावते. हे सगळे घेऊन सव्वा लाखांपैकी निम्म्याच्या आसपास रक्कम हाताशी राहील असा बेत करा. आठ दिवसांचे जेवण, नटांचा प्रवास आणि पावसाने वाया गेलेला एखादा दिवस यांनाच ती लागणार आहे.

भाड्याची लेन्स ताब्यात घेताना ती तिथेच आपल्या कॅमेऱ्यावर लावा, माऊंटमध्ये ती हलत नाही ना ते पाहा, पांढऱ्या भिंतीचा एक शॉट घ्या, अनंतावर फोकस येतो का ते तपासा आणि क्रमांकासह तिचे फोटो काढून ठेवा. एसी गाडीतून घरी पोहोचल्यावर बॅग लगेच उघडू नका. अर्धा तास बंदच राहू द्या, नाहीतर काचेवर दव धरते. रोज रात्री सगळ्या लेन्स झाकण घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि आत एक लहान आर्द्रतामापक टाका. काटा 40 ते 50 टक्क्यांदरम्यान राहिला पाहिजे. तो वर सरकू लागला की सिलिका जेल तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा वापरता येते. जुन्या लेन्ससोबत चामड्याची पिशवी मिळाली, तर लेन्स तिच्यात ठेवू नका. चामडे ओल धरते आणि बुरशीची सुरुवात बहुधा तिथूनच होते.